काळजीत असलेला पालक

साहेब, तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्या.

सगळ्यांत आधी तुम्हीच. मी हॉलच्या दारात धापा टाकत उभा होतो, बोटांवर रेक्झिन चिकटवायचं सोल्यूशन वाळलेलं, एका पायातली चप्पल जिन्यातच राहिलेली. तुम्ही पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर होतात. माझ्याकडे बघून हसलात आणि टाळी वाजवलीत. साहेबांनी वाजवली म्हटल्यावर सगळ्या हॉलने वाजवली. तेव्हा माझी मुलगी जिवंत होती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण तुमच्या चौकशीत हे कुठेच आलेलं नाही.

मी सीट कव्हरवाला. गाड्यांच्या सीटा, सोफे, दवाखान्यातली बाकडी, जे फाटेल ते शिवतो. खाली दुकान, वर दोन खोल्या, त्यात आम्ही राहतो. मुलगी दोन वर्षांची व्हायची होती. तिला सगळे भुंगी म्हणायचे. दूध पिताना, बिस्किट चघळताना, फोमच्या कातरणात लोळताना, अगदी डोळा लागला तरी ती घशातल्या घशात गुणगुणायची. सूर नाही, शब्द नाही, नुसतं हूंऽऽ. शिलाई मशीन चालू असलं तरी मला ते ऐकू यायचं. गिऱ्हाइकं विचारायची, "हिच्या पोटात मोटर बसवलीत का हो?" मी म्हणायचो, "कंपनी फिटिंग आहे. बाहेरून काही लावलेलं नाही."

भुंगी हे नाव पाडलं तिच्या मावशीने. मावशी म्हणजे बायकोची धाकटी बहीण. तिशी ओलांडली तरी घरात छोटीच. ती मोठ्या दवाखान्यात मुलांच्या वॉर्डात सिस्टर आहे. तिच्याबरोबर बाजारात जायची सोय नाही. चार पावलं गेलं की कुणीतरी बाई आपलं पोर पुढे ढकलते, "बघा सिस्टर, ओळखलं का?" आणि छोटी अजिबात न ओळखता म्हणते, "अगंबाई, केवढा झाला हा." स्वतःचं लग्न नाही, पोर नाही. भुंगीची गुणगुण तिने फोनमध्ये भरून घेतली होती. बहिणीचा फोन आला की छोटीच्या पर्समधून हूंऽऽ असा आवाज यायचा आणि आजूबाजूचे लोक दचकून पर्सकडे बघायचे.

भुंगीला सर्दी झाली, मग खोकला, आणि एका दुपारी तिची छाती आत ओढायला लागली. छोटीला बोलावलं. तिने झबलं वर केलं आणि बरगड्यांकडे नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "ताई, पिशवी भर. बोलत बसू नकोस."

छोटीच्याच वॉर्डात खिडकीजवळची खाट मिळाली. नाकात हवेची नळी घातली आणि पायाच्या अंगठ्याला पट्टी लावली. ही पट्टी कळली नाही तर पुढचं काही कळणार नाही, म्हणून सांगतो. मऊ रबराची, बोटभर रुंद, बाळाच्या अंगठ्याला गुंडाळायची. आत लाल दिवा असतो. रक्तात हवा किती पोचते ते तो यंत्राला सांगतो आणि यंत्र आकडा दाखवतं. मोठ्या माणसांना बोटाला चिमटा लावतात. तो बाळाच्या बोटावर ढिला बसतो, आणि ढिला बसला की यंत्र खोटं बोलायला लागतं. वॉर्डात लहानांच्या पट्ट्या दोन. एकीची वायर तुटलेली, तिच्या बदल्यात नवी मागवलेली आणि न आलेली. दुसरीचीही वायर मानेशी सोलवटली होती.

"भावोजी, खिशात सुई असेलच तुमच्या," छोटी म्हणाली.

"सुई नसेल तर खाऊ काय?"

खिशात निळ्या रेक्झिनचा एक तुकडाही निघाला, कुठल्या तरी गाडीच्या सीटचा उरलेला. खाटेवर बसून मी त्या वायरीला निळी बाही शिवली, वाकड्या सुईने, आडव्या टाक्याची. छोटीने ती दोनदा ओढून बघितली. "आता ही माझ्या पेन्शनपर्यंत जाईल," म्हणाली. पट्टी पुन्हा अंगठ्याला लावली तेव्हा भुंगीचा अंगठा आतून लाल दिसायला लागला. तिला त्याची फार गंमत वाटली. पाय वर धरून ती त्या लाल अंगठ्याकडे बघत राहिली आणि वाटीतलं दूध पिताना गुणगुणली. मुलांचे डॉक्टर फेरीवर आले, छातीला नळी लावून ऐकलं, म्हणाले, "असंच राहिलं तर उद्या-परवा हवा बंद करू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मेट्रन आल्या. मी दुकान उघडण्याआधी तिथेच होतो, सगळं माझ्यासमोर झालं.

"चला, गाडी लागलीये खाली."

छोटी म्हणाली, "मॅडम, भाची ॲडमिट आहे माझी. मला आज सोडा, पुढच्या तुकडीत जाते."

"पुढची तुकडी नाहीच. वर्ष संपतंय. मुलांच्या वॉर्डाचं प्रशिक्षण शंभर टक्के दाखवायचंय. वरून आलंय."

"मग वॉर्डात कोण?"

"डोळ्यांच्या वॉर्डातली एकजण येतेय. वरच्या मजल्यावर शिकाऊ डॉक्टर आहेत."

"आणि आपले डॉक्टर?"

"ते तिथे शिकवायलाच आहेत ना." मेट्रन खाटेजवळ आल्या. "आणि ही पट्टी काढ. शिकवायची रबरी बाहुली त्यांची आहे, तिला लावायचं सामान आपापलं न्यायचंय."

"ती बाळाला लावलीये, मॅडम."

"बाळ बरंय आता. आकडा बघ की. मोठा चिमटा लावून ठेव, एवढ्या वेळापुरता चालतो. जेवणाच्या सुट्टीत ड्रायव्हरबरोबर पट्टी परत पाठवते."

छोटी हलली नाही. मेट्रननी स्वतः वाकून पट्टी सोडवली, वायर गुंडाळली आणि छोटीच्या हातात दिली. मी त्या बाईंना शिव्या देणार नाही. पाय सुजलेले असतात त्यांचे, तरी दिवसभर जिने चढतात. त्यांच्या डोक्यावर कुणीतरी बसलाय, त्याच्या डोक्यावर आणखी कुणीतरी. वर चढत गेलं की आरोग्य खात्याच्या शेवटच्या खुर्चीवर तुम्ही सापडता.

जाताना छोटी बहिणीला म्हणाली, "ताई, काहीही वाटलं तरी फोन कर. काहीही."

डोळ्यांच्या वॉर्डातली सिस्टर आली ती अगदी पोरगेली होती. एवढ्या वॉर्डात ती एकटी. या खाटेवर औषध, त्या खाटेवर सुई, पलीकडे कुणाची तरी उलटी. मुलांच्या शिरा सापडेनात म्हणून तिच्या कपाळावर घाम आलेला. जेवणाची सुट्टी झाली, ड्रायव्हर आला नाही. का आला नाही ते मला नंतर कळलं. तुम्ही उशिरा पोचलात. तुम्ही बघेपर्यंत बाहुलीच्या अंगावरचं काही काढायचं नव्हतं.

मी डबा घेऊन गेलो तेव्हा बायको त्या सिस्टरच्या मागे मागे फिरत होती.

"सिस्टर, ही आज गुणगुणत नाहीये हो."

"आई, झोपलीये ती."

"झोपेतही गुणगुणते. कधी थांबतच नाही."

"आजारी आहे ना बाळ. हा बघा आकडा, सत्त्याण्णव. आणि सकाळी धाप किती होती, आता श्वास बघा किती सावकाश झालाय. सुधारतेय."

"मला नाही वाटत सुधारतेय."

"आई, तुम्हाला काय वाटतं त्याच्यावर चालत नाही इथे."

ती उद्धटपणे नव्हती बोलली. दमून बोलली. तिला जसं शिकवलं होतं तसं ती आकड्याला धरून बसली होती. ज्या गोष्टी तिला माहीत हव्या होत्या, त्या नेमक्या त्याच वेळी तुमच्या हॉलात पडद्यावर दाखवत होते.

बायको मला म्हणाली, "तुम्ही कान लावा."

मी भुंगीच्या छातीला कान लावला. आत बारीक शिट्टी वाजत होती, लांब कुठेतरी. हूं नव्हतं. दुकानातलं मशीन बंद पडलं की मला झोपेतही जाग येते. तसं झालं.

मी वरच्या मजल्यावर धावलो. शिकाऊ डॉक्टर एका पोराला धरून होता. पोराला झटके येत होते, त्याची आई भिंतीला टेकून बसलेली. डॉक्टर मान वर न करता म्हणाला, "आलोच. याला सोडून येता येत नाही, बघताय ना." बघत होतो. खरंच येता येत नव्हतं. एक माणूस आणि दोन मजले. त्यालाही माझी शिवी नाही.

बायको छोटीला फोन लावत होती. रिंग जात होती, कुणी उचलत नव्हतं. मी म्हटलं, तू लावत राहा, आणि स्कूटर काढली.

तुमचा हॉल गावाच्या दुसऱ्या टोकाला. बाहेर फलक: यंदाचं प्राधान्य, प्रत्येक बालकाचा प्रत्येक श्वास. जिना चढून गेलो तर दाराशी वॉचमन खुर्ची टाकून बसलेला, आणि त्याच्या पायाशी सलाईनच्या बाटल्यांचा जुना खोका, फोनांनी भरलेला.

"प्रशिक्षण चालू आहे."

"आत माझी मेहुणी आहे. सिस्टर आहे. तिला बाहेर बोलवा, मुलगी सिरीयस आहे आमची."

"साहेब आहेत आत. ते असताना कुणाला उठवायचं नाही. उठलं तर हजेरी धरत नाहीत, म्हणून सांगतात बायका."

तेवढ्यात खोक्यातून आवाज आला. हूंऽऽ.

मी त्या खोक्याकडे बघत राहिलो. जेवणाच्या आधीपासून जे माझ्या मुलीच्या घशातून आलं नव्हतं, ते त्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून येत होतं. थांबलं, पुन्हा सुरू झालं.

"हा तिचाच फोन," मी म्हटलं. "बहीण करतेय तिची."

"फोन सुटल्यावर मिळतात," वॉचमन म्हणाला. मग त्याने माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. उठला, खुर्ची बाजूला केली. "मी पाणी पिऊन येतो. दार काही मला दिसत नाही तिथून."

त्या दिवशी तुमच्या सगळ्या कारभारात शहाणपणाने वागलेला तो एक माणूस मला भेटला. त्याचं नाव मी विचारलं नाही, आणि तुम्हालाही सांगणार नाही.

दार ढकललं. आत अंधार, पुढे स्टेजवर उजेड. पडद्यावर मोठ्या अक्षरांत: आईचं ऐका. स्टेजवर खाट, खाटेवर रबराची बाहुली, शेजारी यंत्र. बाहुलीच्या पायाच्या अंगठ्याला पट्टी, आणि पट्टीच्या वायरीवर माझी निळी बाही. आडवा टाका. स्वतःचा टाका माणूस अंधारातही ओळखतो.

छोटी स्टेजवर होती. डोक्यावर ओढणी घेतलेली. नाटक चाललं होतं, म्हणजे तुमच्या भाषेत प्रात्यक्षिक. एक सिस्टर रागीट सिस्टर झाली होती आणि छोटीला आई केलं होतं. रागीट सिस्टर कमरेवर हात ठेवून उभी, हॉल हसतोय, आणि छोटी तिला हात जोडून म्हणतेय, "सिस्टर, माझं बाळ रोजच्यासारखं नाही हो आज."

मी दारातूनच ओरडलो, "छोटे, भुंगीचं काहीतरी बिघडलंय. चल लवकर."

आणि साहेब, तुम्ही टाळी वाजवलीत.

माइक हातात घेतलेल्या बाई होत्या, तुमच्या कार्यक्रमाच्या प्रमुख. त्या म्हणाल्या, "वा, बघा, वडीलही आले. हे कुणी ठरवलं होतं? आम्हाला सांगितलंसुद्धा नाही." हॉलभर हशा.

छोटीने डोळ्यांवर हात धरून उजेडापलीकडे बघितलं. "भावोजी?"

"सिस्टर, तुम्ही आता आई आहात," माइकवाल्या बाई म्हणाल्या. "भावोजी काय? अहो म्हणा, अहो."

मग तर लोक लोळायचे बाकी राहिले. तुम्ही रुमाल काढून डोळे पुसलेत. मी मधल्या वाटेने पुढे यायला लागलो. तुम्ही उठलात, बाईंकडून माइक घेतलात आणि माझ्याकडे हात करून सगळ्यांना सांगायला लागलात. तुमचे शब्द मला पाठ आहेत. "असा पालक समोर आला तर घाबरायचं नाही. आधी त्याला बसवायचं. पाणी द्यायचं. त्याचा आवाज चढला तरी आपण चढवायचा नाही."

शिकायला आलेली माणसं, लगेच शिकली. दोघांनी मला दंडाला धरून खुर्चीत बसवलं. तिसरीने पाण्याचा ग्लास पुढे केला.

"मी खरा आहे," मी म्हटलं. "अहो, खरा बाप आहे मी."

पुन्हा टाळ्या. या वेळी जास्त. कुणीतरी फोटो काढला, डोळ्यांपुढे पांढरं झालं.

छोटीला मात्र कळलं होतं. तिने डोक्यावरची ओढणी फेकली आणि बाहुलीच्या अंगठ्यावरची पट्टी ओरबाडून काढली. यंत्र बोंबलायला लागलं. तेही काही जणांना नाटकातलंच वाटलं. फक्त मुलांचे डॉक्टर खुर्चीतून उठले. "कोण, खिडकीजवळची?" त्यांनी विचारलं, आणि माझं तोंड बघून उत्तराला न थांबता गाडीच्या किल्ल्या शोधायला लागले. आम्ही दारातून बाहेर पडत होतो तेव्हा मागून माइकवर तुमचा आवाज आला, "फारच जिवंत झालं हे प्रात्यक्षिक."

स्कूटरवर छोटी मागे बसली होती, पट्टी मुठीत.

"गुणगुणते का?"

"नाही."

"कधीपासून?"

"ही म्हणते, जेवणाच्या आधीपासून."

"आणि श्वास?"

"सावकाश झालाय. ती पोरगी म्हणाली, सुधारतेय."

छोटीने कपाळ माझ्या पाठीला टेकलं. सावकाश श्वास म्हणजे काय असतं ते तिला माहीत होतं. बाळ श्वास घेऊन घेऊन थकतं. थकलं की तो सावकाश होतो. मला हे तेव्हा माहीत नव्हतं. मी स्कूटर पळवत होतो आणि मनात म्हणत होतो, सुधारतही असेल, उगीच सगळ्यांसमोर तमाशा केला.

वॉर्डात शिरल्या शिरल्या छोटीने चिमटा काढून टाकला आणि पट्टी अंगठ्याला गुंडाळली. यंत्राने सकाळनंतर पहिल्यांदा खरं सांगितलं. सत्त्याण्णव नव्हतं. साठसुद्धा नव्हतं. छोटीने तोंडावर मास्क दाबून हाताने हवेचा फुगा दाबायला सुरुवात केली, पाठोपाठ डॉक्टर आले, वरचा शिकाऊ डॉक्टरही धावत आला, सगळे आले. जी माणसं सकाळपासून हवी होती ती सगळी त्या एका खाटेभोवती जमली. डोळ्यांच्या वॉर्डातली सिस्टर भिंतीला लागून उभी होती, हातात तो मोठा चिमटा. बायकोने भुंगीचा दुसरा पाय धरून ठेवला होता, पट्टी नसलेला. तिला कुणी सोडायला लावलं नाही.

खिडकीतून ऊन येत होतं. ऊन असतानाच ती गेली.

डॉक्टर बाजूला झाले तरी छोटी फुगा दाबत होती. डॉक्टरांनी तिचा हात धरला. मग तिने अंगठ्यावरची पट्टी सोडवायला घेतली. सोडवताना माझ्याच टाक्यात तिचं नख अडकलं. अंगठ्यावर पट्टीचा वळ राहिला होता. शेजारच्या खाटेवर एक तान्हं धापा टाकत होतं. छोटी तशीच दोन पावलं गेली आणि ती पट्टी त्याच्या पायाला लावली. दुसरी नव्हती वॉर्डात.

त्या दिवसापासून बायको बहिणीशी बोलली नाही.

मी तिला सगळं सांगितलं. खोका सांगितला, ओढणी सांगितली, खुर्ची आणि पाणी सांगितलं. तिने फक्त एक ऐकलं. पट्टी छोटीच्या पर्समधून गेली. "तिच्या हातातून गेली ना?" म्हणाली. "नाही म्हणाली असती तर काय गळा कापला असता तिचा?" बाईचं पोर गेलंय, तिला कुणावर तरी रागवायला हवं होतं. तुम्ही लांब होतात. बहीण जवळ होती.

छोटी रोज संध्याकाळी ड्युटी संपली की यायची. वर यायची नाही. दुकानाच्या पायरीवर बसायची आणि फोमचं कातरण निवडायची. मोठे तुकडे एका पोत्यात, बारीक दुसऱ्या पोत्यात. ते निवडायची मला काही गरज नव्हती. त्या ढिगात भुंगी लोळायची, म्हणून मी त्याला हात लावला नव्हता. एकदा तिला त्यात एक मोजा सापडला. तिने तो पर्समध्ये ठेवला आणि निवडत राहिली. अंधार पडला की निघून जायची. बायको वर खिडकीत उभी असायची. खाली उतरायची नाही आणि खिडकीतून हटायचीही नाही.

मग तुमच्या चौकशीचं बोलावणं आलं.

मोठ्या कचेरीच्या व्हरांड्यात मला बाकड्यावर बसवलं. समोर भिंतीवर फोटो लावलेले, वर्षभरातल्या तुमच्या कामांचे. फीत कापताना तुम्ही, दिवा लावताना तुम्ही. आणि मधोमध मी. खुर्चीत बसलेला, तोंड उघडं, एक हात पुढे, एक पाय अनवाणी. मागे बाहुली, तिच्या अंगठ्याला निळी बाही. बाजूला तुम्ही माइक घेऊन, हसताना. खाली छापलंय: प्रात्यक्षिक, काळजीत असलेला पालक.

माझं तोंड अख्ख्या आयुष्यात कधी कुणी भिंतीवर लावलं नव्हतं.

आत तिघे होते. मधले गृहस्थ सभ्य होते, पुढे बिस्किटं ठेवली.

"तुमच्या दुःखाची आम्हाला कल्पना आहे," म्हणाले. "आम्ही मुळाशी गेलोय. वॉर्डातलं साहित्य सिस्टरने परवानगी न घेता बाहेर नेलं. तुम्ही फक्त तिच्या नावाने तक्रार द्या, लगेच कारवाई होईल."

"पट्टी मेट्रनने काढून तिच्या हातात दिली. मी तिथे होतो."

"ते तोंडी झालं."

"मेट्रनला वरून आलं होतं."

"वरून फक्त साहित्य आणा असं होतं. पेशंटच्या अंगावरचं काढून आणा असं नव्हतं."

"आणि साहेब? ते स्वतः तिथे होते."

"साहेब पाहुणे म्हणून होते."

"वॉर्डात अनुभवी सिस्टर एकही नव्हती, त्याचं काय?"

शेजारचे मान खाली घालून म्हणाले, "शंभर टक्के प्रशिक्षण झालेला आपला एकमेव वॉर्ड आहे तो." हे त्यांनी अभिमानाने सांगितलं का लाजेने, ते मला अजून कळलेलं नाही.

मधल्यांनी टाइप केलेला कागद माझ्यापुढे सरकवला. खाली सहीची जागा. "तुम्हाला न्याय नको का?"

मी म्हटलं, घरी विचारतो. कागद घडी करून खिशात घातला. बिस्किटं तशीच राहिली.

संध्याकाळी बायकोपुढे कागद ठेवला. छोटी खाली पायरीवर बसली होती, नेहमीसारखी. बायकोने वाचला, पुन्हा वरून वाचला.

"याच्यावर सही केली की काय होतं?"

"छोटीची नोकरी जाईल. आणि मग सगळं मिटलं म्हणून लिहितील."

"मिटलं म्हणून?"

"हो."

तिने कागद घडी करून खाली ठेवला. मग तिने फोन उचलला आणि बहिणीला लावला. त्या दुपारनंतर पहिल्यांदा.

खालून आवाज आला. हूंऽऽ.

बायकोला माहीत नव्हतं, छोटीने तो आवाज अजून काढलेला नाही. ती जागच्या जागी उभी राहिली, फोन कानाला. खाली छोटीने फोन उचलला नाही. तिचेही हात थांबले असतील. दुकानात, जिन्यात, आमच्या दोन खोल्यांत आमची पोरगी गुणगुणत होती. रिंग संपली. बायकोने पुन्हा लावला. आणि फोन वाजत असतानाच ती जिना उतरायला लागली, एकेक पायरी, भिंतीला हात लावत. मी वरूनच ऐकलं.

"जेवलीस का गं?"

त्यानंतर त्या दोघींचा आवाज जो आला तो मी लिहिणार नाही. तो तुमच्यासाठी नाही.

तर साहेब, सिस्टरच्या नावाने तक्रार तुम्हाला मिळणार नाही. तो कागद माझ्या मशीनच्या पायाखाली आहे. मशीन डुगडुगत होतं, आता डुगडुगत नाही. तुमचा एवढा एक कागद कामाला आला.

तुम्ही पुढच्या वर्षी दुसरं प्राधान्य ठरवाल. पुन्हा हॉल घ्याल, फोन खोक्यात जमा कराल. शिकवणं वाईट असं मी म्हणत नाही. त्या पोरगेल्या सिस्टरला कुणी वेळेवर शिकवलं असतं, तर माझी मुलगी आज कातरणात लोळत असती. पण ती सिस्टर वॉर्डात होती आणि शिकवणारे हॉलात होते. ज्यांना सगळं आधीच येत होतं, त्यांना तुम्ही उठवून नेलंत आणि त्यांच्याकडून आईचं नाटक करून घेतलंत. खरी आई वॉर्डात सांगत होती, तिचं ऐकायला माणूस ठेवला नाहीत.

तो फोटो भिंतीवरून काढू नका. मी उत्तर घ्यायला येईन तेव्हा मला त्याच्या शेजारी उभं राहायचंय, म्हणजे तुम्हाला ओळख पटेल. तेव्हा मला बसवू नका. पाणी देऊ नका. एवढंच सांगा: त्या दिवशी मुलांच्या वॉर्डातून सिस्टर नेल्या, डॉक्टर नेले, अंगठ्यावरची पट्टी नेली, तेव्हा खाटांवरची पोरं कुणाच्या भरवशावर ठेवायची असं ठरलं होतं? आणि ते कुणी ठरवलं? वरून आलं, असं सांगू नका. वर कोण बसलाय, त्याचं नाव सांगा.